एचपीव्हीमुळे पेशींभोवतालच्या ऊतीत नेमकं काय बदलतं?

एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) हा विषाणू पेशीच्या आत असतो, मग कर्करोग आजूबाजूच्या ऊतीत कसा शिरतो, असं तुम्ही विचारलंय. त्याच्यामुळे होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचंच उदाहरण घेते. तिथे पेशींच्या थराखाली कोलॅजन या चिवट प्रथिनाचं पातळ अस्तर असतं. बारीकशी इजा होऊन ते उघडं पडलं की एचपीव्ही आधी त्यालाच चिकटतो आणि मग तळाच्या पेशीत शिरतो. अस्तर तो स्वतः फोडत नाही. बहुतेकींचा संसर्ग एक-दोन वर्षांत आपसूक जातो.

पण एचपीव्हीचा १६ किंवा १८ क्रमांकाचा प्रकार ठाण मांडून बसला, तर त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिनं पी५३ आणि आरबी या पेशीच्या राखणदारांना निकामी करतात. बिघडलेल्या पेशी एमएमपी-२, एमएमपी-९ अशी विकरं (एन्झाइम) जास्त सोडतात. ती कोलॅजन कुरतडतात. शेजारचे फायब्रोब्लास्टही (ऊतीतले तंतू बनवणाऱ्या पेशी) त्यांना सामील होतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराची सलग रेष एके ठिकाणी तुटून पेशींची जीभ खाली उतरलेली दिसते. कर्करोगपूर्व अवस्था तिथेच संपते आणि कर्करोग सुरू होतो.

प्रतिकारशक्ती चांगली असेल तर तिथवर जायला सहसा १५ ते २० वर्षं लागतात. तपासणीला एवढा वेळ हाताशी असतो, कृपा करून तो दवडू नका.