प्रश्नात दडलेला आरोप

‘समोरच्याने प्रश्न विचारला की माझी वाचाच बसते, आणि उत्तर देता आले नाही म्हणजे बहुधा माझेच चुकत असणार,’ ही चिंता घेऊन माझ्याकडे अनेक जण येतात. आपल्यात आत्मविश्वास कमी आहे, असा त्यांचा समज झालेला असतो. माझ्या मते अशा वेळी आधी प्रश्न तपासावा. आत्मविश्वासाचे नंतर पाहता येते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील एका विवाहित बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे देते.

वडील वारल्यावर घर आणि कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, यांच्या वाटणीचा विषय निघाला आणि थोरल्या भावाने त्यांच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले. त्यांनी विचार करायला वेळ मागताच तो सर्वांसमोर म्हणाला, ‘बाय, भावांच्या तोंडचा घास काढून घेताना तुला काहीच वाटत नाही का?’ बाई रडत उठून गेल्या. सही त्यांनी केली नाही, पण त्या दिवसापासून झोप उडाली.

मी त्यांना तो प्रश्न कागदावर लिहायला सांगितला आणि त्याखाली एकदा ‘वाटते’ व एकदा ‘वाटत नाही’ असे उत्तर लिहून पाहायला सुचवले. पहिल्या उत्तराने त्या वाईट वाटूनही घास काढून घेणाऱ्या ठरत होत्या, दुसऱ्याने निर्दय. घास काढून घेतला जात आहे हे विधान मात्र दोन्हीकडे जसेच्या तसे उभे होते. होकार द्या वा नकार, जे विधान जागचे हलत नाही, ते विचारणाऱ्याने सिद्ध न करताच आपल्या गळ्यात घातलेले असते. येथे ते विधान असे होते की कुळागर भावांचेच आहे आणि बहीण ते हिसकावून घेत आहे. गोव्यात तर ते कायद्यापुढेही टिकत नाही, कारण १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून येथे आईवडिलांच्या मालमत्तेत मुलामुलींचा वाटा समान आहे, आणि २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यातही तो समानच आहे.

हे बाईंना ठाऊक होते. ‘मग मला अपराधी का वाटते?’ असे त्यांनी विचारले, आणि मला तो या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवून वेग विचारला होता. काहींना ‘गाड्या धडकल्या तेव्हा’ अशा साध्या शब्दांत, तर काहींना ‘जोरात आदळल्या तेव्हा’ अशा अर्थाच्या शब्दांत. आठवड्याने विचारल्यावर फुटलेली काच पाहिल्याचे पहिल्या गटातील ५० पैकी ७ जणांनी सांगितले, दुसऱ्या गटातील ५० पैकी १६ जणांनी. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. अनोळखी माणसाच्या एका क्रियापदाने आठवण बदलत असेल, तर थोरल्या भावाने भरल्या घरात विचारलेला प्रश्न मनात आरोप रुजवतो, यात बाईंचा दुबळेपणा मुळीच नाही.

मात्र गृहीत धरून विचारलेला प्रत्येक प्रश्न डाव नसतो. ‘चहात साखर किती घालू?’ या प्रश्नातही समोरचा साखर घेतो हे गृहीतच असते, आणि त्यावाचून रोजचे बोलणे चालणार नाही. शिवाय रागावलेल्या माणसाला आपण प्रश्नातून आरोप करत आहोत याचे भानही अनेकदा नसते. बाईंनी ठरवलेले प्रत्युत्तर होते, ‘तुम्ही मला परकी का समजता?’ त्यांनीच त्याला तीच कसोटी लावली आणि ते खोडले. त्याऐवजी त्यांनी दोनच वाक्ये पक्की केली: ‘दादा, कुळागर तुम्हा दोघांचेच आहे असे धरून तू विचारतो आहेस. मला ते मान्य नाही, आधी त्यावर बोलू.’

पुढच्या बैठकीत दादा चिडला, ‘वकिलासारखी बोलू नकोस’ म्हणाला. त्यांनी आवाज न चढवता तेच पुन्हा सांगितले. तेव्हा धाकट्या भावाने वडिलांच्या औषधपाण्याचा आणि कुळागरातल्या पंपाचा खर्च दादाने एकट्याने केल्याचे काढले, आणि दादाचे खरे दुखणे प्रथमच बाहेर आले. तो खर्च वाटणीत धरायला बाईंची हरकत नव्हती. सध्या त्या पावत्या जमवणे चालू आहे आणि हक्कसोडपत्राचा विषय बाजूला पडला आहे.