दोनशेचा प्लॅन आणि अडकणारा गेम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरी २०० एमबीपीएसचं फायबर आहे. दिवसा सगळं सुरळीत असतं, पण रात्री नऊनंतर मुलाचा व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम अडकतो. पिंग २५ वरून थेट २०० वर जातो. ३०० चा प्लॅन घ्यावा का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : नका घेऊ. खेळताना बहुतेक गेमना १ एमबीपीएससुद्धा लागत नाही. एमबीपीएस म्हणजे नळाची जाडी. पिंग म्हणजे एक थेंब जाऊन परत यायला लागणारा वेळ. नळ जाड केला म्हणून थेंब लवकर येत नाही.

आधी दुखणं घरातलं आहे की बाहेरचं, ते ठरवा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१, नाहीतर राउटरच्या पोटावर छापलेला असतो) आणि दुसरीत ८.८.८.८ ला (गुगलचा सर्व्हर) सलग पिंग लावा : ‘ping -t’ आणि पुढे पत्ता. रात्री गेम अडकेल तेव्हा आकडे बघा. राउटरचाच आकडा १–३ मिलिसेकंदांवरून ५०–१०० वर उड्या मारत असेल, तर दोष वाय-फायचा. राउटर स्थिर आणि फक्त दुसरा आकडा चढत असेल, तर तुमची लाइन तुंबते आहे किंवा कंपनीकडे गर्दी आहे.

पेठेत पहिली शक्यता मोठी. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. आजूबाजूचे पंधरा-वीस राउटर रात्री त्याच तिघांवर भांडत असतात. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी असते, पण ती लहर भिंतीत लवकर मरते आणि जुन्या वाड्याच्या जाड भिंतीपुढे तर हातच टेकते. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे किंवा टीव्हीच्या पाठीशी असेल तर आधी तिथून काढा. खरा इलाज एकच, केबल ओढणे. कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते, त्यामुळे घरासाठी कॅट-६ चा हट्ट नको. हट्ट धरायचाच तर शुद्ध तांब्याच्या केबलचा धरा. स्वस्त गुंडाळीत ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा असतो. तारेचं टोक ब्लेडने खरवडलं की आत पांढरं दिसतं. ती तार वळणावर तुटते.

जॅक बसवणाऱ्याकडून आठही तारा जोडून घ्या. क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पुष्कळ जण नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या लावून मोकळे होतात. नेट चालतं, पण लिंक १०० एमबीपीएसवर अडते. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसला की समजा, तारा कमी आहेत. पिंगला याने बाधा येत नाही, पण ८० जीबीचा गेम उतरवायला पाऊण-एक तासाऐवजी पावणेदोन तास लागतात.

आता दुसरी शक्यता. राउटर स्थिर आणि बाहेरचा आकडा चढतो, तर रात्री नऊला घरात काय सुरू होतं ते बघा. फोन चार्जिंगला लागतात आणि दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढू लागतात. अपलोड भरला की गेमची इवलीशी पाकिटं त्या फोटोंच्या रांगेत मागे उभी राहतात. सगळे फोन दहा मिनिटं एअरप्लेन मोडवर टाकून बघा, पिंग खाली आला तर चोर सापडला. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (कुणाची पाकिटं आधी सोडायची ते ठरवणारी सोय) असेल तर मोजलेल्या अपलोडच्या ८५–९० टक्के मर्यादा घाला, म्हणजे रांग तुमच्या ताब्यात राहते. ती सोय नसेल तर बॅकअप हाताने, मुलगा खेळत नसताना सुरू करा.

आणि गेममध्ये सर्व्हर मुंबईचाच निवडलाय ना? फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. सिंगापूर इथून जवळपास ४,००० किलोमीटर. जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद नुसत्या अंतराचे झाले, त्याला कुठलाही प्लॅन कात्री लावू शकत नाही.

प्रश्न : मित्राच्या लॉबीत शिरता येत नाही, कन्सोलवर ‘एनएटी स्ट्रिक्ट’ दिसतं. पोर्ट फॉरवर्ड करूनही उपयोग नाही.
— वडगाव बुद्रुक

उत्तर : एनएटी म्हणजे घरातल्या यंत्रांचे पत्ते बदलून बाहेर पाठवणं, आणि ‘स्ट्रिक्ट’ म्हणजे बाहेरून येणाऱ्याला दार बंद. पोर्ट फॉरवर्ड म्हणजे त्या दाराचं कुलूप उघडणं. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवलंय. दार कंपनीच्या ताब्यात असताना आपल्या खोलीचं कुलूप उघडून काय होणार? कंपनीकडे स्टॅटिक पब्लिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) मागा. बहुधा महिन्याला जादा पैसे पडतात. वॅनचा आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर कंपनीच्या डब्यामागे तुमचा दुसरा राउटर आहे आणि दोघंही पत्ते बदलताहेत. डबा ब्रिज मोडवर (पत्ते न बदलता नुसतं पुढे सोडणारा) टाका, किंवा तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (नुसतं वाय-फाय देणारा). दोन्ही एकदम करू नका, नेटच जाईल.

प्रश्न : गुरुवारी वीज गेली की मीटिंग तुटते. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्यायचा आहे.
— कर्वेनगर

उत्तर : अडॅप्टरवरचा व्होल्टेज आधी वाचा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. पिनही बघा. बाहेरून ५.५ मिलिमीटर सारखीच, पण आतलं भोक २.१ किंवा २.५. ते जुळलं नाही की पिन आत जातच नाही, किंवा सैल बसते आणि राउटर मधूनमधून रीस्टार्ट होतो. दोन सेलचा, २,००० एमएएचचा यूपीएस म्हणजे सुमारे १५ वॉट-तास, तूट धरून १२. तुमचा राउटर ८ वॉट खात असेल तर दीड तास. खोक्यावरच्या ‘चार तासां’ना भुलू नका. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज हवी, म्हणून दोन आउटपुटचा घ्या. स्थानिक केबलवाल्याचा स्विच जिन्यात असेल आणि त्याला बॅकअप नसेल, तर घरात कितीही बॅटऱ्या लावा, नेट जाणारच. आधी त्याला विचारा, मग तापकीर गल्लीतला इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठा.

प्रश्न : मुलाने माझ्या फोनवरून गेममध्ये साडेतीन हजार उडवले. पैसे मिळतील का? आणि पैशांचे गेम आता बंद झाले ना?
— एक आई, हडपसर

उत्तर : प्ले स्टोअरच्या खरेदीसाठी ४८ तासांच्या आत गुगलकडे परताव्याची विनंती करा. नंतर गेम कंपनीच्या दारात जावं लागतं, आणि तिथे हात हलवत परतण्याचीच शक्यता जास्त. पुढची खबरदारी : प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा आणि जतन केलेलं कार्ड काढा. ओटीपी त्याच फोनवर येतो, त्यामुळे ओटीपी हे काही कुंपण नव्हे. मुलाच्या हाती द्यायच्या फोनवर यूपीआय लाइट सुरू नको, छोट्या रकमेला ते पिन मागत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेला कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर बंदी घालणारा आहे. रमी असो की फॅन्टसी क्रिकेट, कौशल्य की नशीब हा भेद त्याने ठेवलेला नाही. शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. तुमच्या मुलाने घेतलेल्या गेममधल्या वस्तू, म्हणजे कपडे-बंदुका वगैरे, त्यात मोडत नाहीत, ती साधी खरेदी. ‘अर्ध्या किमतीत यूसी’ (बीजीएमआय गेममधलं चलन) देणाऱ्या अनोळखी माणसाला पैसे पाठवले असतील, तर मात्र ती फसवणूक : लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला, फरक कळत नाही.
— पिंपळे सौदागर

उत्तर : केबल मदरबोर्डला खोचलीय की ग्राफिक्स कार्डला? कार्डलाच हवी. मग विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जा. तिथे अजून ६० च निवडलेलं सापडेल, ते १४४ करा.