मास्तरांच्या डोक्यावरचं अंडं

प्रश्न : ‘पिंजरा’ ज्या जर्मन चित्रपटावर बेतलाय, त्यातला मास्तर झालेला नट पुढे हिटलरच्या प्रचारपटांत होता, असं वाचलं. त्यावरून आईशी वाद झाला. ती म्हणते, नटाच्या हातात काय असतं? सांगतील ते करायचं, नाहीतर जीव जायचा. खरं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांगा. पण या एका नटापुरतं मी त्यांच्याशी भांडणार.

त्याचं नाव एमिल यानिंग्स. उत्कृष्ट अभिनेत्याचं पहिलंवहिलं ऑस्कर याचंच, १९२९ सालचं. समारंभाआधीच तो मायदेशी निघाला म्हणून बाहुली त्याच्या हातात अगोदरच दिली होती. बोलपट आले आणि त्याच्या जर्मन वळणाच्या इंग्रजीला हॉलिवूडमध्ये भाव उरला नाही. मग १९३० मध्ये बर्लिनला ‘ब्लू एंजल’.

मी तो पुण्यात फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला, तोवर ‘पिंजरा’ तोंडपाठ झालेला. आपल्याकडे डॉ. लागूंच्या हातातली छडी जाते आणि तुणतुणं येतं. तिकडे प्राध्यापक विदूषकाच्या वेषात स्वतःच्याच गावातल्या रंगमंचावर उभा राहतो. जादूगार त्याच्या डोक्यावर अंडं फोडतो आणि कोंबड्यासारखं आरव म्हणतो. यानिंग्सच्या घशातून जे निघतं त्याला आरवणं म्हणवत नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ चष्मा काढून बसले होते. नट म्हणून मोठाच, यात वाद नाही.

पण १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यानंतर त्याच्या मानगुटीवर कुणी बंदूक ठेवली नव्हती. त्याचा जन्म स्वित्झर्लंडचा, नाव जगभर झालेलं. परक्या भाषेत पुन्हा उमेदवारी करायची त्याची तयारी नव्हती, एवढं मी समजू शकतो. पण म्हणून हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या गळ्यात गळा? १९४१ चा ‘ओम क्रूगर’ घ्या. दक्षिण आफ्रिकेत डच वंशाचे बोअर आणि इंग्रज यांच्यात झालेल्या युद्धावरचा इंग्रजद्वेषी चित्रपट, बोअरांचा पुढारी क्रूगर झालाय यानिंग्स, आणि निर्मितीची सूत्रंही त्याच्याच हातात. त्यात इंग्रजांच्या छावण्यांत बायका-मुलांचे हाल दाखवलेत. त्या छावण्या खोट्या नव्हत्या, तिथे सुमारे २६,००० बोअर बायका-मुलं मेली. पण हे दाखवणाऱ्या सरकारच्या स्वतःच्या छावण्या तेव्हा भरलेल्या होत्या! चित्रपटाला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात मुसोलिनी चषक मिळाला, यानिंग्सला गोबेल्सकडून मानाची अंगठी.

आता त्या अंडं फोडणाऱ्या जादूगाराकडे या. तो कुर्ट गेरॉन, बर्लिनचा ज्यू. अगडबंब देह, तोंडात सिगार. हिटलर आल्यावर तो पॅरिसला आणि तिथून ॲमस्टरडॅमला गेला. जर्मन फौजा तिथेही पोचल्या. शेवटी १९४४ मध्ये तो नाझींनी ज्यूंना डांबलेल्या तेरेझिनच्या छावणीत पोचला. तिथे एसएसने, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाने, त्याला दिग्दर्शक केलं. छावणीत ज्यू किती मजेत राहतात याचा चित्रपट काढायचा होता. फुटबॉलचा सामना, मुलांचा ऑपेरा, सगळं छान छान. त्याने तो काढला. चित्रीकरण आटोपल्यावर ऑक्टोबरमध्ये त्याला बायकोसकट आउशवित्झच्या मृत्यूछावणीत पाठवलं आणि गॅस देऊन मारलं.

‘नाहीतर जीव जायचा’ हे आईंचं म्हणणं गेरॉनबद्दल अक्षरशः खरं आहे. त्याने सांगितलेलं केलं, तरी जीव गेलाच. यानिंग्सच्या नावावर ते खपवू नका. युद्धानंतर त्याला पुन्हा पडद्यावर काम मिळालं नाही. १९५० मध्ये ऑस्ट्रियात, वोल्फगांग तळ्याकाठच्या गावी, तो घरातच वारला.

आणि त्या चित्रपटातली गाणारी लोला, मार्लेन डीट्रिश? तिलाही गोबेल्सकडून बोलावणी आली. ती गेली नाही, १९३९ मध्ये अमेरिकन नागरिक झाली.

‘ब्लू एंजल’ मिळवून आईंबरोबर बघा. अंड्याचा प्रसंग आला की सगळे यानिंग्सकडे बघतात. तुम्ही दुसऱ्यांदा लावून जादूगाराकडे बघा.