बोट चौदा लाखांची, पण पाण्यावरचा तास कितीला?

नाशिकमध्ये सातपूरला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. मुंबईत सहा वर्षं वापरलेली एक जेट बोट ट्रेलरसकट १४ लाखांना मिळते आहे. मुलीसाठी ठेवलेली ९ लाखांची एफडी मोडायची, उरलेल्या ५ लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढायचं, बोट गिरणाऱ्याजवळच्या शेतातल्या शेडमध्ये ठेवायची आणि सुट्टीच्या दिवशी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये चालवायची, असा बेत आहे. जमलं तर पर्यटकांना भाड्यानेही द्यायची. वय ४२, पत्नी शिक्षिका, मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. विक्रेता ५० हजारांचं टोकन मागतो आहे.

दादा, तुम्ही टोकन द्यायच्या तयारीत आहात म्हणून उत्तर आधीच सांगतो: ही बोट, या पैशांतून, या वर्षी घेऊ नका. तुमची हौस मला अजिबात चुकीची वाटत नाही. वडिलांनी तुम्हाला गोदावरीत पोहायला शिकवलं आणि मुलांना मात्र पाणी फक्त स्विमिंग पूलमध्येच माहीत आहे, हे तुम्ही लिहिलंत ते मला मनापासून पटलं. म्हणूनच हिशेब नीट करू या.

बोटीचा हिशेब वर्षाचा करून उपयोग नाही, तो पाण्यावरच्या तासांचा करायचा. जून ते सप्टेंबर पावसाचे गेले. एप्रिल-मे महिन्यांत बॅकवॉटर मागे सरकतं, काठाला चिखल आणि गोटे उघडे पडतात. जेट बोटीला ते कसं बाधतं, ते पुढे सांगतो. उरले ऑक्टोबर ते मार्च. त्यात दिवाळी, लग्नं, मुलीच्या परीक्षा आणि मार्चअखेरची तुमची बिलं. महिन्यातून दोनदा, दर खेपेला अडीच तास धरले तर वर्षाला ३० तास होतात. हा आकडा मी कंजूषपणे धरलेला नाही.

आता खर्च. अशा बोटीचं इंजिन मध्यम वेगाने चालवलं तर तासाला २५ लिटर पेट्रोल धरा. लिटरला १०५ रुपयांनी ३० तासांचे ७८,७५० रुपये झाले. सर्व्हिसिंग, पंपाचे सुटे भाग आणि मुंबईहून येणाऱ्या मेकॅनिकचा प्रवास मिळून ५० हजार, विमा २५ हजार, ट्रेलरची टायर-बेअरिंग १५ हजार, बॅटरी, लाइफ जॅकेट, कव्हर वगैरे १५ हजार. हे माझे अंदाज आहेत, तुम्ही कोटेशन घेऊन ते बदला. पाच वर्षांनी बोट ९ लाखांना गेली असं मानलं तरी वर्षाला एक लाखाची घट. साडेसहा टक्क्यांनी एफडीचं बुडालेलं व्याज ५८,५०० आणि कर्जाचं व्याज वर्षाला सरासरी ३३,५०० रुपये. सगळं मिळून ३,७५,७५० होतात. भागिले ३० केले की पाण्यावरचा एक तास साडेबारा हजारांना पडतो.

हा आकडा आज रात्री वहिनींसमोर ठेवा. दोघांना तो मान्य असेल तर मी आड येणार नाही. पण १४ लाखांच्या आकड्यावर निर्णय होऊ नये, तो या आकड्यावर व्हावा.

सर्व्हिसिंगचे ५० हजार जास्त वाटतील. जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. बोटीच्या तळाला जाळी असते, तिथून पाणी आत ओढलं जातं, आतला इम्पेलर, म्हणजे पात्यांचं फिरतं चाक, ते दाबाने मागच्या नोझलमधून फेकतो आणि बोट पुढे जाते. न्यूझीलंडच्या उथळ, गोट्यांच्या नद्यांत चालावी म्हणून बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात हे तंत्र विकसित केलं. उथळ पाण्यात चालते आणि पोहणाऱ्याला पात्यांचा धोका नाही, हे तिचे खरे गुण आहेत. पण उथळ पाण्यावरून वेगाने जाणं वेगळं आणि उथळ पाण्यात उभं राहून इंजिन सुरू करणं वेगळं. काठाशी गुडघाभर पाण्यात स्टार्टर मारला की तळातली वाळू, गोटे, शेवाळ थेट पंपात जातं. इम्पेलर आणि त्याभोवतीची वेअर रिंग यांच्यात अगदी बारीक फट असते. ती वाढली की इंजिन ओरडतं, पण बोट हलत नाही. तुम्ही रोज धातूशी खेळता, टॉलरन्स गेला म्हणजे काय होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बोट ढकलत निदान कमरेएवढ्या पाण्यात न्यायची आणि मगच इंजिन सुरू करायचं. एप्रिलच्या बॅकवॉटरमध्ये हे जमवणं अवघड आहे.

ही बोट मुंबईची, म्हणजे खाऱ्या पाण्यातली असणार. इंजिनच्या वाटांमधून गोडं पाणी फिरवून ती दर खेपेला धुतली गेली का, हा विक्रेत्याला पहिला प्रश्न. धुण्याचाही क्रम असतो आणि नवे मालक नेमके तिथेच चुकतात. नळी जोडायची, आधी इंजिन सुरू करायचं, मग लगेच पाणी सोडायचं. थांबवताना उलटं: आधी पाणी बंद, मग इंजिन. इंजिन बंद असताना पाणी चालू राहिलं तर ते एक्झॉस्टमधून इंजिनात शिरू शकतं. या एका चुकीचं बिल वर्षभराच्या सर्व्हिसिंगपेक्षा मोठं येतं. पाण्यातून बाहेर काढली की तळाचा ड्रेन प्लग काढायचा, आणि पाण्यात सोडण्याआधी तो लावलाय हे हाताने चाचपून बघायचं.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. परदेशी बोटींच्या बहुतेक इंजिन पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि तुमची बोट पावसाळ्याचे चार महिने शेडमध्ये उभी राहणार. तेव्हा इंधनाचं काय करायचं हे त्या इंजिनच्या जाणकाराकडून लेखी घ्या. शेतातल्या शेडमध्ये उंदीर वायरी आणि पाइप कुरतडतात, तोही खर्च धरा.

ट्रेलरबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, ‘स्कॉर्पिओ ओढेल’. मला सगळ्यात जास्त काळजी तिथे वाटते. बोट, ट्रेलर, इंधन आणि सामान मिळून दीड टन सहज होतं. तुमच्या मॉडेलला एवढं वजन ओढायची परवानगी आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. गाडी आणि ट्रेलरच्या जोडावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के भार हवा, म्हणजे दीड टनाला ७५ ते १५० किलो. मागे वजन जास्त झालं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि पुढची गाडीही हातातून जाते. एवढ्या वजनाला ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. सुरक्षेच्या साखळ्या या जोडाखाली कैचीसारख्या आडव्या लावायच्या, बोटीचं नाक विंचच्या पट्ट्याने आणि मागची बाजू वेगळ्या पट्ट्यांनी बांधायची. कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्याची आरटीओकडे वेगळी नोंदणी लागते. कागद नसलेला ट्रेलर रस्त्यावर आणला आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकेल. गाडीच्या विमा कंपनीलाही ट्रेलर ओढणार असल्याचं लेखी कळवा.

माझ्या एका क्लायंटने अशीच वापरलेली बोट खाडीवरून नाशिकला आणली होती. एकदा खाडीवर जाताना दोन तास ट्रेलर पळवला, चाकांचे हब तापलेले असतानाच उतारावरून खाऱ्या पाण्यात घातला. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस गेलं, गंज धरला आणि परतीच्या वाटेवर कसारा घाटात बेअरिंग जाम झालं. रात्री अकरा वाजता बायको-मुलांसह तो घाटात उभा होता. क्रेनचे पैसे किरकोळ होते. त्या रात्रीनंतर घरच्यांनी बोटीत पाय ठेवला नाही आणि वर्षाच्या आत ती मिळेल त्या भावाला गेली. बोट घेतलीत तर अर्धा तास थांबून हब हाताला गार लागल्याशिवाय ट्रेलर पाण्यात घालू नका. आणि मुंबईहून पहिल्यांदा आणताना टायरवरची तारीख बघा. उन्हात उभ्या ट्रेलरची टायर नक्षी न झिजताही तडकलेली असतात.

आता मूळ प्रश्न, जो तुमच्या पत्रात नाहीच: पाणी कोणाचं? शेताचा सातबारा काठापर्यंत आहे म्हणून जलाशय आपला होत नाही. तो जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे आणि गंगापूर धरणातून आपल्या नाशिक शहराला पिण्याचं पाणी येतं. खासगी पेट्रोल बोटीला तिथे परवानगी मिळेल असं गृहीत धरून एफडी मोडणं म्हणजे परवान्याआधी यंत्रं मागवण्यासारखं आहे. आधी लेखी अर्ज करा आणि उत्तर लेखी घ्या. नकार आला तर गोड्या पाण्याची दुसरी परवानगीची जागा शोधावी लागेल, नाहीतर दर खेपेला घाट उतरून समुद्र गाठायचा. मग ३० तासांचे १० होतील आणि तासाचा भाव अडीचपटीच्या वर जाईल.

भाड्याचं उत्पन्न हिशेबात शून्य धरा. पैसे घेऊन माणसं बसवली की तो धंदा झाला. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक बोटींसाठी नोंदणी, सर्वेक्षण आणि विम्याच्या अटी आहेत. त्याशिवाय प्रशिक्षित चालक लागेल. खासगी वापराच्या विम्यावर प्रवासी बसवले तर दावा मिळायची आशा सोडा. शिवाय जेट बोटीचं सुकाणू पाण्याच्या फवाऱ्यावरच चालतं. समोर काही दिसलं की नवखा माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो, फवारा थांबतो आणि बोट वळायचीच बंद होते. असा माणूस अनोळखी कुटुंबाला घेऊन पाण्यावर गेलेला मला चालणार नाही.

मग करायचं काय? एफडी मुलीची आहे, तिला हात लावू नका. मुलगी बारावी होऊन प्रवेशाच्या धावपळीत असेल तेव्हाही हे कर्ज चालूच राहणार. वर्कशॉपची सीसी लिमिट (बँकेने खेळत्या भांडवलासाठी दिलेली कर्जमर्यादा) म्हणजे तुमचा आपत्कालीन निधी नव्हे, मंदीत बँक तीच आधी आवळते. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवा. त्यानंतर बोट न घेता बोटीचा खर्च भरायला सुरुवात करा: कर्जाचा हप्ता ११,१२२ आणि देखभाल-पेट्रोलचे महिना १५,३००, म्हणजे साधारण २६ हजार रुपये दर महिन्याला आरडीत टाका. १८ महिन्यांत व्याज सोडून ४ लाख ६८ हजार जमतील. एकही हप्ता न चुकता हे जमलं तर तुमच्या घराला बोट झेपते, आणि तेव्हा एफडीला हात न लावता बोटीच्या किमतीचा तिसरा हिस्सा हाताशी असेल. जमलं नाही तर पैसे तुमच्याकडेच आहेत.

याच काळात गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत बोट चालवण्याचं प्रशिक्षण घ्या. मुलांना घेऊन वर्षातून दोन-तीनदा किनाऱ्यावर भाड्याची बोट करा. मग कळेल की त्यांना वेग आवडतो की फक्त पाण्यात डुंबणं. डुंबणं आवडत असेल तर सगळाच हिशेब बदलतो. दोन भावांत किंवा मित्रांत बोट घ्यायचा विचार असेल तर तो मला पसंत आहे. विमा, शेड आणि घट वाटली जाते. फक्त पंपात गोटा कोणाच्या हातून गेला तर खर्च कोणाचा, हे आधी कागदावर लिहा.

विक्रेत्याला उद्या फोन करून टोकन देत नसल्याचं स्पष्ट सांगा. तो म्हणेल, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. असू द्या. बोटीचं मूळ बिल, आयातीचे कागद, ट्रेलरचं आरसी आणि इंजिनच्या तासांच्या मीटरचा फोटो तेवढा मागून ठेवा, पुढची बोट बघताना काय विचारायचं याचा सराव होईल. आणि धरणाच्या परवानगीचा अर्ज या आठवड्यातच द्या, त्याच्या उत्तराला वेळ लागणार आहे. उत्तर आलं की मला कळवा, पुढचा हिशेब त्यावर बसून करू.