चाक तापते, ब्रेक ऑइल कमी होते

प्रश्न : माझी तेरा वर्षांची पिकअप रत्नागिरीहून आंबा घाटमार्गे कोल्हापूरला मासळी नेते. परतीच्या उतारावर पुढचे डावे चाक इतके तापते की त्याला हात लावता येत नाही, आणि गाडी डावीकडे ओढते. शिवाय टाकीतील ब्रेक ऑइल महिनाभरात तळाला जाते, पण बाहेर कोठेही ओल दिसत नाही. गॅरेजमध्ये पुढचे दोन्ही कॅलिपर (चाकाच्या चकतीवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) नवे बसवण्यास सांगितले आहे. तसे करावे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : एवढ्यात करू नये. दाब नेमका कोठे अडकतो, हे आधी पाहावे. चाक जाम असतानाच, मागच्या चाकांना दगड लावून, पुढची बाजू जॅकने उचलावी, स्टँडवर टेकवावी आणि कॅलिपरचे निपल (हवा काढण्याचा छोटा स्क्रू) किंचित सैल करावे. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर पिस्टन (पॅड ढकलणारा कॅलिपरमधील दट्ट्या) अडकलेला नसून ऑइल मागे परतत नाही, असे समजावे. जुन्या गाडीत बहुधा रबरी होज (चाकाकडे ऑइल नेणारी नळी) आतून फुगलेला असतो. पेडलच्या जोरावर ऑइल त्यातून चाकाकडे जाते, परंतु परतीला तेवढा जोर नसल्याने ते तेथेच कोंडते. बाहेरून असा होज धडधाकट दिसतो, त्यामुळे कित्येक चांगले कॅलिपर विनाकारण भंगारात जातात.

निपल उघडूनही चाक जाम राहिले, तर दोष कॅलिपरमध्येच आहे. तो ज्या पिनांवर सरकतो त्या आधी तपासाव्यात. आतला पॅड फार झिजलेला आणि बाहेरचा जाड असेल, तर पिना गंजून बसल्या आहेत. त्या साफ करून सिलिकॉन ग्रीस लावावे, कारण साध्या ग्रीसने त्यांची रबरे फुगतात. पिस्टन मागे घेण्याचे काम त्याभोवतीची चौकोनी कडांची रबरी रिंग करते. तिच्या खाचेत गंज साठला की ती पिस्टन आवळून धरते, म्हणून नवी रिंग घालण्यापूर्वी खाच खरवडून काढावी. पिस्टनला खड्डे पडले असतील, तर मात्र तो बदलावा. सुटे भाग पेट्रोल-डिझेलने धुऊ नयेत.

ओल न दिसता ऑइल कमी होते, ते बहुधा मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मुख्य पंपाच्या) मागच्या रबरातून व्हॅक्यूम बूस्टरमध्ये (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्यात) उतरत असावे. मास्टरचे दोन नट काढून, पाइप न वाकवता, तो थोडा पुढे ओढला की आत पाझरलेले ऑइल दिसते. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नखाला लागतील असे खड्डे असल्यास रबर किटवर पैसे घालवू नयेत, पूर्ण मास्टर बदलावा. बूस्टरचा पडदाही तपासून घ्यावा.

दोन्ही तक्रारींमागे जुने ऑइल असण्याची शक्यता मोठी आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यातून आतले भाग गंजतात, आणि कोकणातील दमट हवेत तर ते दोन वर्षांनी बदललेच पाहिजे. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर मात्र तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. घाटात ते उकळले की वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नये.

पुढे मास्टर चांगला असताना ब्रेकच्या पाइपांतील नुसती हवा काढायची असेल, तर पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा. रोजच्या वापरात रबर जेथवर पोहोचत नाही तेथे सिलिंडर खडबडीत झालेला असतो, आणि पेडल तळापर्यंत दाबल्यास चांगले रबरही तेथे कापले जाते.