वाचकांचे प्रश्न : किझी क्रॉफर्ड आणि दोन भाषांत उभी राहिलेली कारकीर्द

प्रश्न : किझी क्रॉफर्ड या गायिकेचे एक वेल्श गीत ऐकले आणि आवडले. त्यांचा वारसा कॅरिबियन आहे, असे नंतर वाचनात आले. मग वेल्श त्यांची घरची भाषा कशी? की ती गाण्यापुरती शिकलेली भाषा आहे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वेल्श, म्हणजे ब्रिटनमधील वेल्स या देशाची भाषा, ही क्रॉफर्ड यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भाषा नव्हे, पण गाण्यापुरती पाठ केलेली भाषाही नव्हे. ती त्यांना शाळेने दिली. त्यांचा जन्म 1996 मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला आणि घराण्याचा एक धागा बार्बाडोस बेटाशी जोडलेला आहे. लहानपणीच कुटुंब वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील अबरायरॉन या बंदराच्या गावी आले. हे गाव केरेडिगियॉन परगण्यात येते, जिथे आजही जवळजवळ निम्मे लोक वेल्श बोलतात. पुढे त्या दक्षिणेकडील मर्थर टिडफिल येथे वाढल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोखंडाच्या भट्ट्यांमुळे हे वेल्समधील सर्वांत मोठे शहर होते. बाहेरून आलेल्या कामगारांची वस्ती आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा यांमुळे तिथली वेल्श मात्र मागे हटत गेली आणि आता ती बोलणारे अल्पसंख्य आहेत.

या दोन गावांमधले भाषेचे अंतर ध्यानात घेतले की शाळेचे महत्त्व कळते. वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा 1939 मध्ये अबरिस्टविथ येथे खाजगी प्रयत्नांतून सुरू झाली आणि 1947 मध्ये सरकारी व्यवस्थेतली पहिली अशी शाळा लानेली येथे उघडली. त्यानंतरच्या दशकांत, विशेषतः औद्योगिक दक्षिण भागात, या शाळांमध्ये येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी इंग्रजीच बोलली जात होती आणि आजही तीच स्थिती आहे. म्हणजे वेल्श बोलणारा तरुण हा वेल्श बोलणाऱ्या आईबापांचाच असतो, हे समीकरण केव्हाच मोडले आहे. क्रॉफर्ड यांची गाणी या मोडलेल्या समीकरणाचे फळ आहेत. त्यांना ‘वारसा मिश्र असूनही वेल्श गाणारी गायिका’ म्हणून सादर करणाऱ्या लेखांतील तो ‘असूनही’ म्हणूनच आम्हांला खटकतो.

प्रश्न : आम्ही कार्डिफला राहतो आणि आमची मुलगी वेल्श माध्यमाच्या शाळेत जाते. तिला गाणी लिहिण्याचा नाद आहे. एवढ्या लहान भाषेत गाऊन कुणाची कारकीर्द खरोखर उभी राहते का, की शेवटी इंग्रजीकडेच वळावे लागते?
– एक मराठी आई, कार्डिफ

उत्तर : आधी आकडे पाहू. 2021 च्या जनगणनेत वेल्समधील सुमारे 5 लाख 38 हजार लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते असे सांगितले. हे प्रमाण 17.8 टक्के भरते आणि 2011 च्या 19 टक्क्यांपेक्षा कमी आहे. 2050 पर्यंत दहा लाख भाषिक असावेत, असे वेल्स सरकारचे उद्दिष्ट आहे. इतक्या श्रोत्यांत केवळ विक्रीच्या बळावर गायक जगणे कठीणच, आणि तरीही वेल्शमध्ये गायकांची पिढी खंडित झालेली नाही. याचे कारण गायकाभोवती उभ्या असलेल्या संस्थांत शोधावे लागते. 1969 मध्ये स्थापन झालेली ‘साइन’ ही ध्वनिमुद्रण संस्था, 1977 पासून चालणारे बीबीसीचे ‘रेडिओ कम्री’, 1982 मध्ये मोठ्या लढ्यानंतर सुरू झालेली ‘एस-फोर-सी’ दूरचित्रवाहिनी आणि दरवर्षी गाव बदलत भरणारा राष्ट्रीय आयस्टेदवॉद हा महोत्सव या चौघांमुळे नवख्या गायकालाही ध्वनिमुद्रण, प्रसारण आणि रंगमंच या तिन्ही गोष्टी आपल्या भाषेत मिळू शकतात. वाहिनीसाठीचा लढा किती टोकाचा होता ते सांगायचे, तर सरकारने दिलेले आश्वासन मागे घेतले तेव्हा 1980 मध्ये ग्विनवर एव्हन्स या ज्येष्ठ नेत्याने आमरण उपोषणाचा इशारा दिला आणि सरकारला नमावे लागले.

क्रॉफर्ड यांचा प्रवासही याच वाटेने झाला. 2013 च्या अखेरीस त्यांचा ‘टेम्पररी झोन’ हा छोटा गीतसंच आला आणि पुढल्याच वर्षी बीबीसी वेल्स आणि वेल्सची कला परिषद यांच्या ‘गॉरवेलियॉन’ या नवोदितांसाठीच्या योजनेत त्यांची निवड झाली. तेव्हा त्यांनी विशीही गाठलेली नव्हती.

पण संस्था आहेत म्हणून पैसा आपोआप येतो, असे समजू नका. 2007 मध्ये ब्रिटनमधील हक्कशुल्क गोळा करणाऱ्या संस्थेने वाटपाचे सूत्र बदलले आणि रेडिओ कम्रीवर गाणे वाजल्याबद्दल रचनाकारांना मिळणारी रक्कम एकदम घसरली. अनेक गीतकार त्या संस्थेतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘एऑस’ ही आपली स्वतंत्र संस्था काढली. 1 जानेवारी 2013 पासून काही आठवडे त्या सभासदांची गाणी बीबीसीवर लागेनाशी झाली आणि एका संपूर्ण भाषेच्या रेडिओवरून त्या भाषेतील बरेचसे संगीत नाहीसे झाले. त्या वर्षाच्या अखेरीस लवादाने वर्षाला सुमारे 1 लाख पौंडांचा आकडा ठरवला, जो गीतकारांच्या मागणीच्या मानाने फारच थोडा होता. क्रॉफर्ड यांचा पहिला संच बाजारात आला तो याच वर्षी. हा तपशील आम्ही मुद्दाम दिला, कारण मुलीला प्रोत्साहन देताना हिशेबाची बाजूही तिला माहीत असावी.

इंग्रजीकडे ‘वळावे लागते का’ या प्रश्नाचे उत्तर क्रॉफर्ड यांच्या अल्बमांच्या क्रमातच मिळते. 2019 मध्ये लंडनच्या ‘फ्रीस्टाइल’ या कंपनीकडून ‘द वे आय ड्रीम’ हा त्यांचा एकल अल्बम आला. 2021 मध्ये ‘ऱ्हीद’, म्हणजे ‘मुक्त’, हा वेल्श अल्बम ‘साइन’ने काढला आणि 2023 मध्ये त्याच संस्थेकडून ‘कारियाद अ टीर’ हा वेल्श लोकगीतांचा संग्रह आला. लहान भाषेत पाय रोवायचे आणि नाव झाले की मोठ्या भाषेत निघून जायचे, हा आपल्याला परिचित असलेला क्रम इथे लागू पडत नाही. क्रॉफर्ड लंडनच्या कंपनीकडून वेल्श संस्थेकडे आल्या, आणि नव्या गीतांकडून जुन्या लोकगीतांकडेही.

प्रश्न : त्यांचे संगीत लोकसंगीत म्हणावे, जॅझ म्हणावे की सोल? दुकानात आणि यादीत प्रत्येक ठिकाणी वेगळे नाव दिसते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तिन्ही नावांत तथ्य आहे, आणि त्यांपैकी एकाचा आग्रह धरण्यात आम्हांला स्वारस्य नाही. गाण्याचा सांगाडा बहुधा गिटार आणि आवाज यांवर उभा असतो, म्हणून लोकसंगीताची आठवण होते. आवाजाची ठेवण सोलकडे, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या भावपूर्ण गायकीकडे, झुकते. जॅझचे अंग सर्वांत स्पष्टपणे दिसते ते ‘बर्डसाँग – कान अर आदार’ या प्रकल्पात. मध्य वेल्समधील कार्नगावाख्ट या पक्षी-अभयारण्यातील रानावर आणि पाखरांवर बेतलेली ही गीतमाला क्रॉफर्ड यांनी जॅझ पियानोवादक ग्विलिम सिमकॉक यांच्यासह रचली आणि ‘सिन्फोनिया कम्री’ या तरुण वादकांच्या वाद्यवृंदाने ती वाजवली. अल्बमच्या रूपात ती 2018 मध्ये प्रकाशित झाली. नावापासूनच ती दोन्ही भाषांत आहे. आमच्या मते त्यांच्या कामातील सर्वांत श्रीमंत काम हेच, कारण इथे दोन भाषांचे दोन वेगळे कप्पे होत नाहीत.

प्रश्न : वेल्समध्ये मिश्र वारशाचे कलावंत पूर्वीही होते. गायिका शर्ली बॅसी त्याच देशातल्या ना? मग क्रॉफर्ड यांचे वेगळेपण कोणते?
– एक वाचक, पणजी

उत्तर : होय. शर्ली बॅसी 1937 मध्ये कार्डिफच्या टायगर बे या गोदीलगतच्या वस्तीत जन्मल्या. वडील नायजेरियन, आई इंग्रज. जगभरच्या खलाशांनी वसवलेल्या त्या भागात कृष्णवर्णीय आणि मिश्र वारशाच्या कुटुंबांचा इतिहास मोठा आहे. परंतु बॅसी यांची कीर्ती इंग्रजी गाण्यांवर उभी राहिली. त्यांच्या तरुणपणी वेल्श भाषेतील संगीताचे जग चॅपल (ख्रिस्ती प्रार्थनागृह), वृंदगान आणि ग्रामीण भाग यांच्याशी बांधलेले होते आणि गोदीतल्या मुलीला त्यात शिरण्याचा रस्ता जवळपास नव्हताच. तो रस्ता मधल्या काळात शाळांनी तयार केला. क्रॉफर्ड यांची बहीण एडिथ हीदेखील वेल्श आणि इंग्रजीत गाते, स्वतः इलेक्ट्रॉनिक संगीत तयार करते आणि तिची वाट बहिणीहून अगदी निराळी आहे. एकाच घरातून अशा दोन शैली निघतात, तेव्हा वाट पुरेशी रुंद झाली आहे असे म्हणायला हरकत नाही.

वेगळ्या तऱ्हेच्या मिश्र वारशाचे उदाहरण हवे असेल तर ग्वेनो सॉन्डर्स यांचे घ्यावे. कार्डिफमध्ये जन्मलेल्या ग्वेनो यांचे वडील कॉर्निश, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकावरील कॉर्नवॉलच्या, भाषेत कविता लिहितात आणि घरात वेल्श व कॉर्निश दोन्ही बोलल्या जात. आधी ‘द पिपेट्स’ या इंग्रजी पॉप गटात गायल्यानंतर त्यांनी 2014 मध्ये वेल्श अल्बम केला, 2018 मध्ये ‘ले कोव’ हा पूर्ण कॉर्निश अल्बम केला आणि 2022 च्या ‘ट्रेसोर’ला अल्बमांसाठीच्या मर्क्युरी पारितोषिकाचे नामांकन मिळाले. फरक असा, की ग्वेनो यांना दोन्ही लहान भाषा पाळण्यात मिळाल्या, तर क्रॉफर्ड यांनी एक भाषा बाहेरून येऊन आपली केली.

प्रश्न : वेल्श अजिबात कळत नाही. ऐकायला सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘बर्डसाँग’पासून करा, त्यातील इंग्रजी ओळींचा आधार मिळतो आणि पियानो ऐकण्यासारखा आहे. मग ‘ऱ्हीद’. ‘कारियाद अ टीर’ शेवटी ठेवा, कारण लोकगीतांच्या जुन्या चाली त्याआधी दुसऱ्या एखाद्या पारंपरिक गायकाकडून ऐकलेल्या असतील तर क्रॉफर्ड यांनी त्यांत काय बदलले ते नीट कळते.