आधी मुलाशेजारी बस

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझा मेल वाचून आधी चिडचीडच झाली. तुझ्यावर नाही, तुझ्या संशोधनाच्या गाईडवरही पूर्णपणे नाही. त्यांना प्रायोगिक गट, नियंत्रित गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि शेवटी टी-मूल्य, म्हणजे दोन गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना ते तपासणारा आकडा, हवंय. तुला जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षभर बसून मुलं चित्र काढतात कशी, ते टिपायचंय. आणि ‘समितीने यात संशोधन कुठे आहे असं विचारलं तर?’ या भीतीने तू विषयच बदलायला निघालीस. अगं, विचारणारच. मलाही विचारलं होतं.

मुलाशेजारी बस. बाकीचं नंतर.

एका शाळेत एका मुलाने बैलगाडी काढली, गाडीत माणसं बसवली, बाजूला शेत काढलं. मग ‘पाऊस आला’ म्हणत काळा खडू घेतला आणि सगळ्यावर घासला. तास संपला तेव्हा कागदावर काळोखाशिवाय काही नव्हतं. शिक्षकांनी शेरा मारला, ‘खाडाखोड’. मी शेजारी नसते तर चाचणी तपासताना मीही तपशिलाला शून्यच दिलं असतं. तुझं टी-मूल्य अशा शून्यांवर उभं राहणार आहे, एवढं लक्षात ठेव.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉरन्सच्या सर्जनशीलता-चाचणीतला वर्तुळांचा भाग तुला पाठ असेल: पानभर सारखी वर्तुळं, दहा मिनिटं, त्यांची हवी ती चित्रं करायची. मौलिकतेचे गुण कशावर? उत्तर किती दुर्मीळ आहे, यावर. आणि दुर्मीळ कुठे? मूळ मानकं, म्हणजे कुठली उत्तरं नेहमीची नि कुठली विरळ ती यादी, अमेरिकेतल्या मुलांची. आपल्याकडच्या मुलीने वर्तुळात जातं काढलं की त्या यादीपुढे ती मौलिक ठरणार. शेजारच्या चौघींनीही जातंच काढलंय, हे यादीला कुठून कळणार? गाईड म्हणतील, बकर मेहदींची चाचणी घ्या, ती भारतीय मुलांवर बेतलेली आहे. घे की. पण तिचंही काम कागद गोळा झाल्यावरच सुरू होतं.

टॉरन्सला मात्र नावं ठेवू नकोस. १९५८पासून मिनेसोटातल्या प्राथमिक शाळांतली मुलं त्याने तपासली आणि ती मोठी झाल्यावरही त्यांचा माग सोडला नाही. आपल्याकडे त्याची प्रश्नपत्रिका आली. ती चिकाटी आली नाही. आणि ती नाही म्हणून परदेशाकडे बघत बसायचंही कारण नाही. कलाशिक्षक देवीप्रसाद शांतिनिकेतनात शिकून १९४४मध्ये सेवाग्रामला आले आणि गांधीजींच्या नई तालीम शिक्षणपद्धतीत शिकणाऱ्या मुलांबरोबर वर्षानुवर्षं राहिले. कलाशिक्षणावर पुढे त्यांनी जे लिहिलं ते त्या सहवासातून. त्यांच्याकडे कुठला नियंत्रित गट होता?

आपल्याला पुरा झालेला कागद बघायचीच सवय. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेत, स्मरणचित्रात घोकलेला बाजार कसा उतरतो हे मी तुला काय सांगू, तू एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, केलेली मुलगी! तरी तूही कागदच मोजायला निघालीस, याचा राग येतो.

आता व्यवहाराचं. गाईडशी भांडू नकोस, त्यात वर्ष जातं. चाचणीला एक प्रकरण दे, गुण प्रामाणिकपणे मांड. पण प्रबंधाचा गाभा व्यक्ती-अभ्यास ठेव. मोजकी मुलं घे. कुठला रंग आधी उचलला, कुठे थांबलं, शेजाऱ्याचं बघून काय बदललं, पुटपुटलं काय, हे त्याच दिवशी लिही. घरी जाऊन आठवून लिहिलेलं आपल्या सोयीचं होतं. ‘हे काय आहे?’ असं विचारू नकोस, मूल मग तुला पटेल ते सांगतं. मोबाईल पिशवीत. आणि बस, उभं राहू नकोस. उभ्या माणसाला मुलं तपासनीस समजतात.

मला खंत नाही असं मी सगळ्यांना सांगते. तुला नाही सांगणार. प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजणाऱ्या एपीआयच्या तक्त्यात मुलांशेजारी बसण्याला रकाना नव्हता. शोधनिबंध कमी पडले, प्राध्यापकपद राहिलं ते राहिलंच. माझ्यानंतर लागलेले विभागप्रमुख झाले. माझ्या निरोप समारंभात त्यांचं भाषण ऐकताना पोटात तुटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यांना त्यांच्या नमुन्यातल्या एका तरी मुलाचं नाव विचार. मला आजही सांगता येतात, कोण डावखुरं होतं तेही. (हे जरा स्वतःचंच कौतुक झालं. असू दे, तेवढा हक्क आहे मला.)

विषय बदलायचा अर्ज केला असशील तर मागे घे. सिनॉप्सिस मला पाठव, पद्धतीचं प्रकरण आपण दोघी मिळून नीट लिहू, म्हणजे समितीला बोट ठेवायला जागा राहणार नाही. पण आधी शाळा गाठ, आणि याच आठवड्यात. सहामाही जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो, मग दिवाळीपर्यंत तुला कोणी वर्गात बसू देणार नाही.

तुझी,
मॅडम